रस्त्याकडे पाठ केलेलं घर

वेल्माच्या घराची पाठ रस्त्याकडे आहे. कपडे धुवायची खोली, सांडपाण्याचा पाइप, संडासाची खिडकी, सगळं येणाऱ्याजाणाऱ्याला आधी दिसतं. नवीन माणूस हसतो. हसू दे! ते घर आलं त्या दिवशी मी तिथं होते.

वेल्मा आणि तिचा नवरा डग, दोघांनी जन्मभर दुसऱ्यांच्या गाईंच्या धारा काढल्या. कामाबरोबर मालक घर द्यायचा, काम सुटलं की घरही सुटायचं. आणि घरं तरी कसली! स्वयंपाकघर कायम गारठ्याच्या बाजूला, भिंतींना ओल, भर दुपारी दिवा लावून भांडी घासायची. साठी उलटल्यावर दोघांनी आमच्या शेजारचा जमिनीचा तुकडा घेतला. नवं घर बांधणं परवडेना, म्हणून वाइतारा गावात पाडायला काढलेलं एका डॉक्टरचं जुनं लाकडी घर घेतलं. ते उचलून इथं आणायचं होतं. वेल्माची मागणी एकच, मला म्हणाली, "ग्वेन, एकदा तरी मला उन्हातलं स्वयंपाकघर हवंय गं."

पण जागा आखली डगनं. कोरीव नक्षीचा व्हरांडा, रंगीत काचांचं दार, सगळा थाट रस्त्याकडे. आमचा रस्ता उत्तरेला, आणि पृथ्वीच्या या दक्षिण टोकाला ऊनही उत्तरेकडूनच येतं. म्हणजे ऊन व्हरांड्याला, आणि स्वयंपाकघर पुन्हा मागे गारठ्यात!

"सांग ना त्याला!" मी ओरडले.

"असू दे गं. किती खूश आहे तो."

अस्सा राग आला मला! पण नवरा तिचा, मी काय बोलणार?

सकाळी दोन ट्रक आले, मधोमध कापलेल्या घराचा एकेक तुकडा पाठीवर घेऊन. आसपासचे सगळे जमले होते, कुणी स्कोनचे छोटे गोडसर पाव आणलेले, कुणी अंडं-बेकन भरलेली पेस्ट्री. घरं हलवणारा तामाती पुढं चालत हातवारे करत होता. फाटकातून सरळ आत शिरता येईना, म्हणून पहिला ट्रक कुरणातून वळसा घालून निघाला. वळता वळता स्वयंपाकघराच्या खिडक्या उत्तरेला आल्या आणि आतली भिंत उन्हानं लख्ख उजळली.

वेल्मा चहाची किटली घेऊन उभी होती. तिनं ती गवतात ठेवली आणि थेट ट्रकपुढं जाऊन उभी राहिली.

"थांबव, तामाती! असंच ठेव."

"मावशी, हे उलटं आहे."

"उलटं नाही, सुलट आहे."

डग धावत आला. "अगं, वेड लागलंय का? रस्त्यावरनं काय दिसणार, संडास?"

"दिसू दे! रस्ता काय माझ्याकडे जेवायला येणारे?"

आम्ही सगळे खो खो हसलो. डग लालबुंद झाला. "आणि माझा व्हरांडा?"

"त्यातनं डोंगर दिसेल. बस तिथं. थंडी वाजली की आत ये."

तामातीनं टोपी मागे सारली. "मावशी, नीट विचार कर. खाली खांब बसले की मी परत उचलायला येणार नाही."

वेल्मानं डगकडे बघितलं. झालं, म्हटलं मी, आता ही नेहमीसारखी माघार घेणार.

"ठेव," ती म्हणाली.

पुढे घराचा नकाशा बदलून परत मंजूर करून घ्यावा लागला, तो घेतला. पण त्या दुपारी घर ओंडक्यांवर टेकलं, दोन्ही तुकडे जुळले. पायऱ्या नव्हत्याच, शिडी लावली. मी मागून ढकललं तेव्हा कुठं बाईसाहेब चढल्या. स्वयंपाकघरात नळ नव्हता, रंगाचे पोपडे निघालेले, पण ऊन पार पलीकडच्या भिंतीपर्यंत! वेल्मा खिडकीच्या कट्ट्यावर दोन्ही हात टेकून नुसती उभी राहिली. मला इतका आनंद झाला की मी तामातीलाच मिठी मारली.

डग तोंड फुगवून वर आला. उन्हात आला, जरा थांबला, कोट काढला. मग खाली जाऊन तामातीच्या मदतीनं टेबल वर चढवलं.

"कुठं ठेवू गं?" त्यानं विचारलं.

वेल्माला एकदम रडू फुटलं.

"अगं, नुसतं टेबलाचं विचारलं मी!" डग घाबरला.

"इतक्या घरांतनं राहिलो," ती नाक पुसत म्हणाली, "आज पहिल्यांदा विचारलंस."

डगनं टेबलाची कड पुन्हा धरली. "मग सांग की," तो हळूच म्हणाला. "तू सांगशील तिथं ठेवतो."