सव्वाबाराची भिंत

"डोळे बारीक करा," ते म्हणायचे. "अजून. अजून बारीक. आता बघा."

काहीही दाखवायचं असलं की त्यांचं हेच. वर्कशॉपच्या दारात उभे राहून ते समोरच्या पार्किंगकडे, पाण्याच्या टँकरकडे, माझ्या नव्या शर्टाकडेसुद्धा असेच किलकिल्या डोळ्यांनी बघत. डोळे बारीक केले की फालतू तपशील गळून जातो आणि नुसता उजेड उरतो, आणि उन्हात नुसतं पांढरं असं काही नसतंच, असं त्यांचं म्हणणं. मी बारीक केले की मला झोप यायची. एकदा तसं सांगितलं, तर म्हणाले, "एस्टिमेशनवाल्यांचं असंच असतं."

आखातातल्या अल ऐनमधल्या एका इंटिरियर कंपनीत आम्ही दोघं होतो. मी एस्टिमेशनला, म्हणजे कुठल्या हॉटेलला किती फरशी आणि किती दारं लागतील ते काढून देणारा. ते वर्कशॉपमध्ये, हॉटेलांच्या खोल्यांसाठी चित्रं रंगवणारे. पाकिस्तानी सुतारांपासून मल्याळी मॅनेजरपर्यंत सगळे त्यांना मास्टरजी म्हणत, मीही तेच म्हणू लागलो. त्यांचं नाव इथे देत नाही. त्यांनी रंगवलेल्या शेकडो चित्रांवरही ते कुठे नव्हतं.

तुम्ही अबुधाबीत किंवा दुबईत एखाद्या बऱ्यापैकी हॉटेलात उतरला असाल, तर पलंगाच्या डोक्याशी कमळांच्या तळ्याचं एक निळंहिरवं चित्र पाहिलं असेल. त्यातली पुष्कळ तळी मास्टरजींची. दीडशे खोल्या असल्या तर दीडशे तळी. ते दहा कॅनव्हास ओळीने लावत आणि हिरवा घेऊन या टोकापासून त्या टोकापर्यंत जात, मग निळा, मग पांढऱ्याचे ठिपके. "आज किती तळी खणली?" मी विचारायचो. "बारा," ते म्हणत, "आणि एकात पाणी नाही."

ज्या फ्रेंच माणसाचं ते तळं, त्याच्याबद्दल आणि त्याच्या सोबत्यांबद्दल मास्टरजी भावकीतल्या माणसांसारखं बोलत. सरकारी प्रदर्शनाने त्यांची चित्रं कशी परत पाठवली, वर्तमानपत्रवाल्यांनी अर्धवट, कच्ची म्हणून कशी टर उडवली, हे सांगताना त्यांच्या कपाळाची शीर फुगायची. दीडशे वर्षांपूर्वीचा तो अपमान हा माणूस अजून विसरला नव्हता. रंग कथिलाच्या ट्यूबमध्ये मिळू लागले आणि आगगाडी आली, म्हणून ती मंडळी स्टुडिओ सोडून उन्हात जाऊ शकली, नाहीतर जन्मभर आतच बसली असती, असं ते मला समजावत. "माझ्याकडेही ट्यूब आहे," ते म्हणायचे, "आणि आगगाडीच्या जागी एसीवाली गाडी."

कारण मास्टरजींचं खरं चित्र वर्कशॉपमध्ये नव्हतंच. मुंबईत चित्रकला शिकून ते तरुणपणी इकडे आले, शारजात दुकानांच्या पाट्या रंगवल्या, छापील फ्लेक्स आल्यावर ते काम संपलं आणि मग तळी खणायला लागले. बायको फार पूर्वी गेली होती. गडहिंग्लजला एक बहीण, एवढंच माणूस. पण दर शनिवार-रविवारी ते गाडी घेऊन खजुराच्या बागांच्या कडेला जात. तिथे एक जुनी मातीची भिंत आहे. पुरुषभर उंचीची, कुठे कुठे ढासळलेली. तिच्यासमोर गाडी लावून, मांडीवर पाट घेऊन ते तीच भिंत रंगवत. एका वेळच्या उजेडाला एक कॅनव्हास. पंधरा-वीस मिनिटं झाली की डावा हात खिडकीबाहेर काढून मनगटावर ऊन कुठे लागतंय ते बघत आणि म्हणत, "उजेड हलला. खलास." मग ब्रश पुसून टाकत. उरलेलं पुढच्या आठवड्यात, त्याच वेळेला.

अशी सात चित्रं करायची होती. सहा झाली होती. पहाटेची भिंत राखाडी, आठची सोनेरी, संध्याकाळची चक्क निळी. सातवं राहिलं होतं ते जूनमधल्या भर दुपारचं. जूनच्या उत्तरार्धात सव्वाबाराच्या पुढे काही मिनिटं सूर्य इथे बरोबर डोक्यावर येतो आणि त्या भिंतीला अलीकडे ना पलीकडे, कुठेच सावली उरत नाही. ते चित्र त्यांनी मुद्दाम शेवटी ठेवलं होतं.

"बाकी सगळं त्या लोकांनी करून ठेवलंय हो," ते मला म्हणाले होते. "धुकं, बर्फ, पाणी, संध्याकाळ. पण ही दुपार त्यांच्याकडे नव्हती. ही एवढी एक माझी आहे."

आता मी जे सांगणार आहे त्याची मला लाज वाटते. त्यांच्या चित्रांच्या कडा गेली दोन-तीन वर्षं मोकळ्या राहू लागल्या होत्या. मधे भिंत ठसठशीत आणि चारी बाजूंना नुसता कॅनव्हास. मोबाइलवर त्या चित्रांचे फोटो मी घरी येणाऱ्या लोकांना दाखवून सांगायचो, की बघा, अर्धवट सोडण्यातच खरी कला असते. एकदा ते आमच्याकडे जेवायला आले आणि ताटाबाहेरच्या आमटीच्या वाटीसाठी त्यांचा हात टेबलावर चाचपडत राहिला. ते गेल्यावर बायको म्हणाली, "अहो, त्यांना बाजूचं दिसत नाही की काय?" मी तिला म्हटलं, कलावंत माणूस आहे, तंद्रीत असतो. वर्कशॉपमध्ये ते दाराच्या चौकटीला खांदा धडकवत तेव्हा सुतार हसत, आणि मीही. किलकिले डोळे तर आम्हा सगळ्यांच्या इतके ओळखीचे झाले होते, की ते आता बघण्यासाठी धडपडत आहेत हे एकाच्याही ध्यानात आलं नाही.

मार्चमध्ये त्यांचं ड्रायव्हिंग लायसन्स संपलं. इथे ते नवं करायचं तर आधी डोळे तपासून घ्यावे लागतात. मॉलमधल्या चष्म्याच्या दुकानात मी त्यांच्याबरोबर गेलो, नंतर चहा प्यायचा बेत होता. तपासणाऱ्या मुलीने अक्षरं वाचायला सांगितली. मास्टरजींनी सवयीप्रमाणे डोळे बारीक केले.

"अंकल, आँखें छोटी मत कीजिए," ती म्हणाली. "पूरी खोलिए."

त्यांनी पूर्ण उघडले आणि प्रत्येक ओळीतली फक्त मधली दोन-तीन अक्षरं वाचली. तिने पुन्हा सांगितलं, त्यांनी पुन्हा तीच वाचली. मग त्यांनी माझ्याकडे मान वळवली आणि विचारलं, की बाजूला अजून अक्षरं आहेत का.

काचबिंदू निघाला. दोन्ही डोळ्यांत आणि फार पुढे गेलेला. हॉस्पिटलमधल्या डॉक्टरीणबाईंनी शांतपणे सांगितलं, की गेलेली नजर परत येत नाही, उरलेली टिकवायला थेंब आहेत, पण उशीर झालाय. मास्टरजी त्यांना ऑपरेशन करा म्हणून विनवत राहिले. नजर परत आणणारं ऑपरेशन नाही असं बाईंनी सांगितलं, तरी पाच मिनिटांनी पुन्हा तेच. हा मानी माणूस हात जोडून बसलेला मला बघवेना, मी खिडकीकडे तोंड फिरवलं.

परतताना गाडी मी चालवत होतो. त्यांनी थेंबांची बाटली खिशातून काढून डोळ्यांजवळ धरली. मग म्हणाले, "त्या तळेवाल्याचेही डोळे गेले होते, माहीत आहे? म्हातारपणी सगळं तांबूस दिसायला लागलं त्याला. पण त्याला मोतीबिंदू होता. ऑपरेशन झालं, दिसायला लागलं, परत रंगवलं त्याने." बाटली खिशात ठेवत म्हणाले, "मला साधा मोतीबिंदूसुद्धा होऊ शकला नाही."

त्यानंतर सगळं भराभर घसरत गेलं. एका हॉटेलने चाळीस तळी परत पाठवली, कारण कडेची पानं तपकिरी झाली होती. मॅनेजर वाईट नव्हता, पण डोळे नसलेल्या पेंटरला तो ठेवणार तरी कशाला? व्हिसा रद्द झाला. जूनच्या शेवटच्या आठवड्याचं तिकीट निघालं. मास्टरजींना त्याचं काहीच वाटत नव्हतं. त्यांचा एकच घोशा होता, सातवं चित्र. थेंब ते सांगितल्याच्या दुप्पट घालू लागले, मी रागावलो तरी ऐकेनात. दर दोन दिवसांनी फोन यायचा, "आज मधलंही जरा धूसर आहे हो. जून लवकर नाही येऊ शकत?"

जून आला. मी रजा काढली. चार दुपारी आम्ही त्या भिंतीसमोर गेलो. गाडीच्या काचेतून त्यांना आता काहीच धड दिसत नव्हतं, म्हणून बाहेर बसावं लागे. मी छत्री धरून उभा. ऊन असं, की छत्रीचा दांडाही रुमालात गुंडाळून धरावा लागे. पहिल्या दोन दिवशी धूळ होती, आभाळ पिवळट, काही उपयोग झाला नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी भिंतीचं वरचं अंग केलं आणि ते इतकं देखणं उतरलं, की मला रडू आलं. राहिला भिंतीचा पाया, जिथे माती जमिनीला मिळते. तिथेच तर ती दुपार होती.

चौथा दिवस शेवटचा. दुसऱ्या दिवशी विमान. त्या दिवशी त्यांना ट्यूबसुद्धा नाकाजवळ धरून ओळखाव्या लागत होत्या. रंग मिसळायलाच वेळ गेला. भिंतीखालचं काही दिसेना, म्हणून ते मला विचारत, "सावली आली?"

"नाही," मी म्हटलं, आणि ते खरं होतं.

काही मिनिटांनी पुन्हा विचारलं. भिंतीखाली बोटभर काळी रेघ उमटली होती. त्यांचा ब्रश नुकताच कुठे पायापाशी पोचला होता. माझ्या तोंडून निघालं, "नाही अजून." तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा सावली वीतभर झाली होती. मी पुन्हा नाही म्हटलं. ते घाईघाईने रंगवत होते, ओठ हलत होते, तोंडावर आनंद होता. मला वाटलं, कुणाला कळणार आहे?

मग ते एकाएकी थांबले. उठले, हात पुढे करून चाचपडत भिंतीपाशी गेले, खाली बसले आणि डावा हात जमिनीवर ठेवला. भिंतीला चिकटून. मनगटावर ऊन नव्हतं.

"आली की हो," ते हळू आवाजात म्हणाले.

मी माफी मागायला लागलो. त्यांनी मान हलवली. परत येऊन रंगाची सुरी घेतली आणि त्या वीस मिनिटांत लावलेलं सगळं, पायापासचं, खरवडून काढलं. एकेक बोट कॅनव्हास मोकळा होत गेला. मी म्हटलं, राहू द्या, मास्टरजी, सुंदर दिसतंय. ते म्हणाले, "ते तुमचं होतं. मी नव्हतं बघितलेलं." मग ब्रश पुसला आणि म्हणाले, "खलास."  रात्री आमच्याकडे जेवताना माझ्या बायकोला एवढंच म्हणाले, की वरणभात मऊ झालाय, छान आहे.

सहा चित्रं त्यांनी बरोबर नेली. सातवं मला देऊन गेले. ते माझ्या बैठकीत आहे, खाली पायाशी वीतभर कोरं. येणारे विचारतात. आता मी कलेबिलेबद्दल काही सांगत नाही.

या जूनमध्ये, कुणालाही न सांगता, मी दुपारी एकटा त्या भिंतीपाशी गेलो. सव्वाबारा होऊन गेले, सावली भिंतीत शिरली. मी गडहिंग्लजला फोन लावला. त्यांच्या बहिणीने, ताईंनी, घेतला आणि त्यांना दिला. त्यांना आता काहीच दिसत नाही हे मला ठाऊक होतं. मी म्हटलं, "मास्टरजी, भिंतीसमोर उभा आहे. सावली नाही कुठे."

त्यांचा श्वास ऐकू आला. मग म्हणाले, "पायाशी रंग कोणता?"

मी बघितलं. "पांढरा," मी म्हटलं.

पलीकडून काही आलं नाही. मग मला आठवलं आणि मी डोळे बारीक केले. अजून. अजून बारीक. आणि खरं सांगतो, ते पांढरं नव्हतं. मातीतून एक गुलाबी वर येत होता, त्याच्या कडेला आभाळाचा निळा होता आणि जिथे भिंत जमिनीला मिळते तिथे जांभळट अशी एक कापरी रेघ होती, धड रेघही नव्हे. मी सगळं सांगत सुटलो. कुठला रंग कुठे संपतो, कुठला कशावर चढतो, पार सावली परत येईपर्यंत सांगितलं. मग धापा टाकत विचारलं, "दिसलं का, मास्टरजी?"

"अहो, तो नाहीये इथे," ताईंचा आवाज आला. "तुम्ही पांढरा म्हणालात ना, तेव्हाच फोन माझ्या हातात देऊन आत गेला. तुम्ही इतकं मनापासून सांगत होता, म्हणून मी ऐकत राहिले."