माझं नाक, समजावलं ह्यांना

मैत्रिणींनो, आत्ताच नगरहून शेवगावला परत आलेय आणि अजून संताप उतरलेला नाही.

माझं सायनसचं दुखणं नव्वदच्या दशकापासूनचं. तेव्हा आमच्या डॉक्टरांच्या टेबलावर प्लास्टरचं एक डोकं असायचं. येईल त्या पेशंटला तेच दाखवायचे. कपाळ ठणकत असायचं माझं, आणि डॉक्टर सांगायचे आमच्या ह्यांना, "यांना डोक्यावरून अंघोळ करू देऊ नका." मी शेजारीच बसलेली असायचे!

आज नगरच्या तरुण डॉक्टरांनी माझ्या स्कॅनवरून बनवलेलं माझ्याच नाकाचं मॉडेल काढलं. आतला वाकडा पडदा, बुजलेली वाट, सगळं दिसत होतं. ऑपरेशन नेमकं कुठे करायचं, ते आधी त्यावर ठरवणार म्हणे. मला कोण आनंद झाला!

आणि डॉक्टरांनी ते मॉडेल ठेवलं ह्यांच्या हातात. "काका, हे बघा, काकूंना इथं अडथळा आहे."

ह्यांना साधी सर्दीसुद्धा होत नाही. तरी मान डोलवत होते.

मी मॉडेल ओढूनच घेतलं. "डॉक्टर, नाक माझं हाय. मला सांगा."

तीस वर्षांत टेबलावरचं डोकं तेवढं बदललं. तुमचे डॉक्टर तुमच्याशी बोलतात का गं, की अजून शेजारच्या खुर्चीशीच?