मानाचे नारळ घाटघरला

आमच्या सावेडीत बायका स्कुटी चालवतात, मोटारी चालवतात; पण पन्नाशी ओलांडलेली बाई सायकलवर दिसली की रिक्षावालेसुद्धा मान वळवून बघतात. यात बघण्यासारखं काय आहे ते मला अजून कुणी पटवून दिलेलं नाही. ती बाई माझी आई होती, आणि तिला सायकलवरून घाटघरला जायचं होतं. म्हणजे जिल्ह्याच्या पार पश्चिमेच्या टोकाला, भंडारदऱ्याच्या मागच्या रानात. तिथं रस्ता कड्याशी जाऊन संपतो आणि मोबाईलची रेंज त्याच्या बरीच आधी.

आईचं माहेर पाथर्डीकडचं. शाळेला ती सायकलनं जायची. लग्न झालं, सायकल भावाकडं राहिली, आणि त्यानंतरचा तिचा सगळा प्रवास मागच्या सीटवरून झाला. आधी पप्पांची स्कूटर, मग दादाची बाईक, मग माझी स्कुटी.

"जलमभर मानसांच्या पाठी बघितल्या मी," मेथी निवडता निवडता ती एकदा म्हणाली. "कुनाचा शर्ट कसा हुता ते सांगते, रस्ता इचारू नको. एकदा माझ्या फुडं कुनी नको."

घाटघरच का, तर लग्नानंतर पप्पांनी तिला तिथं नेलं होतं. भर पावसात, स्कूटरवर. तिला दिसली ती त्यांच्या रेनकोटची पाठ.

तिची अट एकच होती. चढणीला उतरून ढकलली तरी चालेल, पण दुसऱ्याच्या गाडीत बसायचं नाही. येताना एसटी चालेल. "एसटी कुनाची पाठ नसती," ती म्हणाली.

मी चळवळीतली. पत्रकं लिहिणं हा माझा हातखंडा. त्याच रात्री 'तिचा रस्ता, तिचं हँडल' असं पत्रक लिहिलं आणि छापूनही आणलं. आईनं चष्मा लावून ते शेवटपर्यंत वाचलं, घडी घातली आणि त्यात भाकरी गुंडाळल्या.

"मला निषेध करायचा न्हाई," ती म्हणाली. "मला जायचंय."

सोबतीला मी निघाले, माझ्या सायकलवर. पप्पांनी दोन्ही सायकलींना तेल घातलं, हवा तपासली, पुन्हा तपासली आणि ते गेटपाशी उभे राहिले. "फोन चालू ठेवा," एवढंच.

दिवाळी होऊन गेलेली, उसाचा हंगाम सुरू झालेला. मागचा दिवा नसलेल्या, दोन-दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरांनी आम्हाला वारंवार रस्त्याखाली उतरवलं. ट्रॅक्टरला मोठमोठे स्पीकर लावायला पैसे असतात, लाल रिफ्लेक्टरला नसतात. याच्यावर मी एक वेगळं पत्रक लिहिणार आहे. एका ट्रॉलीत ऊसतोडीच्या बायका बसल्या होत्या. आईच्याच भागातल्या. त्यातली एक वरून ओरडली, "काय वं बाई, नवऱ्यानं टाकलं काय?"

"न्हाई गं," आई पायडल मारतच म्हणाली, "मीच ठिवलाय घरी!"

ट्रॉली हसत हसत पुढं गेली. आईचा चेहरा तिच्या शाळेतल्या फोटोसारखा झाला होता.

राहुरीत शिरलो तर चौकात एक गृहस्थ शाल आणि नारळ घेऊन उभे. "वहिनी, थांबा, थांबा!" वहिनी थांबल्या. शाल पांघरली गेली, नारळ हातात आला, फोटो निघाला. संगमनेरला तेच, शिवाय भाषण. वहिनींनी स्त्रीशक्तीचं दर्शन घडवलं, असं म्हणून वक्त्यांनी आत वळून सुनेला हाक मारली, "चहा आण गं!" मी तिथंच तोंड उघडणार होते. आईनं माझ्या चपलेवर पाय ठेवला.

शाली एकवेळ ठीक, रात्री पांघरता येतात. नारळांचं काय करायचं? मी म्हटलं, दिसेल त्या देवळात ठेवून मोकळी हो. आई ऐकेना. मानाचा नारळ ज्या कामासाठी दिला ते पुरं झाल्याशिवाय फोडायचा नाही, टाकायचा नाही, दुसऱ्याच्या गळ्यातही घालायचा नाही. ही तिच्या माहेरची रीत. त्यामुळं ते पोतडीत, पोतडी कॅरिअरवर, आणि दर गावाला पोतडी जड.

"माझ्या कॅरिअरवर दे."

"मान मला दिलाय, तुला न्हाई."

अकोले गावातून सकाळी लवकर निघून थंडीत चढण उरकायची होती, तर तिथं एका बंगल्यापुढं खुर्च्या मांडलेल्या. तीन भाषणं झाली, ऊन डोक्यावर आलं. शेवटी एका काकांच्या तोंडून निघून गेलं, "साहेबांचा कालपासून सारखा फोन. वहिनी पोचल्या का, वहिनी पोचल्या का."

साहेब म्हणजे आमचे पप्पा. बँकेतल्या नोकरीत त्यांच्या जिल्हाभर बदल्या झाल्या होत्या, आणि गावोगावची सगळी ओळख त्यांनी आता कामाला लावली होती.

"तरीच," आई बाहेर येऊन म्हणाली. "ह्यो मानूस घरी बसून माझ्या फुडं फुडं पळतोय."

मी फोन काढला. चार वाक्यं डोक्यात तयार होती. बाईच्या वाटेवर पहारा बसवणाऱ्या पुरुषी व्यवस्थेबद्दल. आईनं फोन काढून घेतला.

"ऱ्हाऊ दे. त्यांना काळजी वाटती हे बोलता येत न्हाई. मग ते नारळ धाडत्यात."

राजूरला शेवटचा नारळ मिळाला. भंडारदरा धरणाजवळच्या शेंडी गावात मुक्काम केला. तिथून पुढं पप्पांचं ओळखीचं कुणी नव्हतं. धरणाच्या कडेकडेनं रस्ता रानात शिरला. पाण्यापलीकडं डोंगर, अलीकडं पिवळं पडलेलं गवत, मधूनच चार घरांची वाडी. आधी रिसॉर्टांच्या पाट्या संपल्या, मग पर्यटकांनी फेकलेल्या बाटल्या संपल्या, मग माझं चिडणंही थोडं कमी झालं. आई पुढं होती. मी मुद्दाम मागं राहिले होते. तिच्या पाठीवर पदराचं टोक खोचलेलं होतं आणि ती काहीतरी गुणगुणत होती.

घाटघरच्या अलीकडच्या चढणीला तिचा गुडघा बोलायला लागला. उतरून ढकलायला लागली, तर पोतडीच्या वजनानं सायकल मागं ओढायची. दहा पावलं चालायची, थांबायची. ऊन कलायला लागलं. ओठ पांढरे पडले होते तिचे. तेवढ्यात मागून एक टेम्पो आला, सिमेंटच्या गोण्या भरलेला. ड्रायव्हरनं मान बाहेर काढली.

"मावशी, बसा की. सायकली टाकू वर. अंधार पडला की हितं बिबट्या फिरतोय."

आई उत्तर द्यायच्या आधी मी बोलले. "आई, बस. एवढं झालं ते पुष्कळ आहे."

तिनं माझ्याकडं बघितलं. "आता तूबी?"

चळवळीत मी बऱ्याच जणांकडून बरंच ऐकून घेतलंय. त्या दोन शब्दांइतकं काही लागलं नाही. आईनं सायकल माझ्या अंगावर टेकवली, कॅरिअरची दोरी सोडली आणि पोतडी ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटवर ठेवली.

"ह्यास्नी न्या. लई मानाचे हायेत, ह्यास्नी चढ सोसत न्हाई. वर देवीचं ठाणं हाय म्हनत्यात, तिथं उतरवा."

"आन् तुमी?"

"मी येते की मागनं."

ड्रायव्हरनं नारळांकडं बघितलं, आईकडं बघितलं. "मला लई भाडी मिळाली," तो म्हणाला, "पन अशी न्हाई." टेम्पो गेला. आई हलक्या सायकलवर हात ठेवून जरा उभी राहिली, मग ढकलू लागली. पुढं चढ थोडा नरमला तशी टांग टाकून बसली आणि उरलेला रस्ता पायडल मारत गेली.

वर शेंदूर लावलेल्या दगडांसमोर नारळ ओळीनं मांडलेले होते. टेम्पोवाल्यानं गाडी थांबवून एकेक मांडला होता. तिथून कडा जवळच. आई कड्यापासून बेताच्या अंतरावर सायकल धरून उभी राहिली. खाली कोकण, वर आभाळ, मधे काही नाही. मी फोटो काढायला गेले तर म्हणाली, "मागं हो गं. मला बघू दे."

नारळ तिनं तिथंच फोडले, एक सोडून. खोबरं आम्ही वाडीत वाटलं.

एसटीनं सावेडीत पोचलो तेव्हा पप्पा गेटपाशी, जणू हललेच नव्हते. आईनं पोतडी उघडली, एक शाल काढून त्यांच्या खांद्यावर घातली आणि राहिलेला नारळ त्यांच्या हातात दिला.

"हे कशाबद्दल?" पप्पा गोंधळले.

"घरी बसून दावलंत म्हनून."

पप्पांनी एकदा नारळाकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. मग शाल खांद्यावर तशीच ठेवून ते चहा टाकायला आत गेले.