चुकीची अँप्युल

नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाची परीक्षा तीन आठवड्यांवर आली होती. मी सेनगावकडच्या तांड्यावरची. घरी गोरमाटी, म्हणजे आमची बंजारा बोली, शाळेत मराठी, आणि इथं हिंगोलीत पुस्तकं सगळी इंग्रजीत. होस्टेलवर माझ्या खोलीत डोंगरकडा गावच्या एका शेतकऱ्याची मुलगी होती. तिला सगळं तोंडपाठ. सकाळी धुणं धुताना ती मला प्रश्न विचारायची.

"पोटॅशियम क्लोराइड सरळ शिरेत कधी द्यायचं?"

"अंगातलं पोटॅशियम लई कमी झालं की."

तिनं हातातला परकर दगडावर आपटला. "कधीच न्हाई! सलाईनमधी मिसळून, हळूहळू. सरळ दिलं तर काळीज जागच्या जागी बंद पडतं. म्हण बरं."

मी म्हटलं. ओठांनी म्हटलं, ध्यान भलतीकडंच होतं.

अभ्यास चालू असला तरी दवाखान्यातली सकाळची ड्युटी सुटत नसे. त्या दिवशी मला न्यूमोनियाच्या एका म्हाताऱ्या बाईला इंजेक्शन द्यायचं होतं. औषध पावडरचं, त्यात डिस्टिल्ड वॉटर घालून ते विरघळवायचं आणि हाताला लावून ठेवलेल्या सुईतून सोडायचं. पाण्याच्या डब्यातून मी एक अँप्युल, म्हणजे बंद काचेची कुपी, उचलली, तोडली, पावडर विरघळवली आणि ट्रे घेऊन कॉटपाशी गेले. मनात परीक्षेचाच घोष चालला होता.

सुईचं झाकण काढलं आणि खाली बघितलं. रिकामी अँप्युल ट्रेमध्ये आडवी पडली होती. मला इंग्रजी सरसर वाचता येत नसे; एकेक अक्षर लावावं लागे. मी लावत गेले. पी, ओ, टी, ए...

माझा हात तसाच हवेत राहिला. पाण्याऐवजी पोटॅशियम!

"दे की माय, काहून थांबलीस?" म्हातारी म्हणाली. तिनं सुई लावलेला हात माझ्याकडे पुढं केला होता.

"औषध बदलून आणते, आजी."

नर्सिंग रूममध्ये परतले आणि ट्रे टेबलावर ठेवला. कुणी पाहिलं नव्हतं. सिरिंज बेसिनमध्ये रिकामी केली असती तर विषय तिथंच संपला असता. सांगितलं तर परीक्षेला बसू देतील का? बा तांड्यावर सगळ्यांना सांगून बसला होता की पोरगी नर्स होऊन राहिली. पण तो डबा अजून टेबलावर उघडा होता, आणि पुढचं इंजेक्शन दुसरी कुणी भरणार होती.

मी वॉर्डच्या सिस्टरांपुढं सिरिंज ठेवली. रडत रडत काय झालं ते सांगितलं.

त्यांनी अँप्युल उजेडात धरून वाचली. मग डबा टेबलावर उपडा केला. पाण्याच्या अँप्युलांमध्ये पोटॅशियमच्या आणखी दोन निघाल्या.

"आत गेलं का काही?"

"न्हाई, सिस्टर."

"मग रडतेस कशाला? जा. तोंड धू. आजी वाट बघतेय." मग म्हणाल्या, "हे मला तुझ्या कॉलेजच्या मॅडमना कळवावं लागेल."

नवं इंजेक्शन भरून मी त्यांच्यासमोर दिलं. आजीनं "जरा तकलीफ झाली" म्हणून तोंड वाकडं केलं, मग डोळे मिटून घेतले. मी तिच्या छातीची हालचाल मोजत उभी राहिले. सिस्टरांनी ओढून नेईपर्यंत तिथून हलले नाही.

पुढचे चार दिवस शिपाई दारात दिसला की मला वाटे, आलं बोलावणं. पाचव्या दिवशी मॅडमनी बोलावलं. त्या रागावल्या नाहीत, ते मला जास्त भीतीचं वाटलं. म्हणाल्या, "उद्या वर्गात पोटॅशियम तू शिकवायचंस. काय झालं तेही सांगायचं."

दुसऱ्या दिवशी मी वर्गापुढं उभी राहिले, सांगितलं. आवाज मागच्या बाकापर्यंत पोचत नव्हता. कुणी हसलं नाही.

तोंडी परीक्षेत मला पोटॅशियमचं एक अक्षरही विचारलं नाही. अंथरुणाला खिळलेल्या रोग्याच्या जखमांबद्दल विचारलं. मी पास झाले. माझ्या खोलीतली ती मैत्रीण मात्र परीक्षकांपुढं एक शब्द बोलू शकली नाही. सगळं पाठ असून नापास झाली. निकालाच्या दिवशी तिच्या शेजारी बसून होते, आणि पास झाल्याचा आनंद दाखवावा की लपवावा ते मला कळेना. सहा महिन्यांनी ती पुन्हा परीक्षेला बसली आणि पास झाली.