मोहोर आणि माझं नाक

लग्न होऊन बोरीवलीला आले त्या वर्षी खिडकीबाहेरचा आंबा मोहरला आणि मला शिंकांनी हैराण केलं. नवरा म्हणाला, "सोसायटीला सांगून फांद्या छाटून घेऊ या."

"झाडाला हात लावायचा नाही. नाक माझं आहे, मी बघते," मी म्हटलं.

सासूबाई मालवणच्या. पाणी उकळून कोमट करायचं, त्यात मीठ घालून नाक धुवायचं आणि बाहेर पडताना नाकपुड्यांना आतून तूप लावायचं, हे त्यांनी शिकवलं. पहिल्या दिवशी जोराचा ठसका लागला, पण हळूहळू जमलं. शिंका पुरत्या थांबल्या नाहीत, तरी शांत झोप लागू लागली.

पुढच्या वर्षी आंबा मोहरला, तशी शेजारीण शिंकत, लाल डोळ्यांनी दारात उभी राहिली. मी म्हटलं, "ये गं आत, पाणी ठेवते."