साखरेची लस आणि परबची मिशी

लॅबमधली भांडी रोज घासली जातात, पण किस्से कोणी घासून काढत नाही, ते साचतच जातात. आमच्या अंधेरीच्या लॅबमध्ये तर यातले निम्मे एकट्या परबचे!

आमचं काम साधं सांगायचं तर असं. काही जंतूंच्या अंगावर साखरेचं कवच असतं. त्या कवचाचा तुकडा आम्ही कडीला कडी जोडत काचेच्या भांड्यात बनवतो. त्याची लस टोचली की शरीर त्या जंतूला ओळखायला शिकतं.

परबने हे घाटकोपरला आपल्या आईला समजावलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "साखर वाण्याकडे गावता. मगे तू दोन वर्सां काय करतंस?"

परब म्हणतो, इंटरव्ह्यूलाही एवढा अवघड प्रश्न नव्हता!

*

माल शुद्ध आहे का हे बघायला आम्ही त्याचा थेंब एका पट्टीवर चढवतो आणि पट्टी ॲसिडमध्ये बुडवून तापवतो. साखर करपून काळा डाग उमटतो. एकच डाग आला की जिंकलो!

एकदा घरी परबची बायको ओरडली, "अहो, शिरा करपला!"

परब आतून म्हणाला, "डाग एकच आहे ना? मग झकास!"

त्या दिवशी तो बाहेर जेवला.

*

कडी नुसती जुळून चालत नाही, योग्य बाजूनेच जुळावी लागते. परबची एक कडी उलटी जुळली आणि कित्येक महिन्यांची मेहनत पाण्यात गेली. बिचारा रडायच्या बेतात होता.

आमच्या साहेब म्हणजे पार्ल्याच्या लेले मॅडम. रिपोर्ट बघून म्हणाल्या, "बिल्डिंग बरोबर आहे रे, विंग चुकली!"

परबला हसू फुटलं आणि तो पुन्हा पहिल्या कडीपासून कामाला लागला.

*

शेवटी साखळी पूर्ण झाली. दोन वर्षांची कमाई म्हणजे चिमूटभर पांढरी पावडर, कापसासारखी हलकी. तिची लस करून उंदरांना टोचायची होती. परबने कौतुकाने बघायला मास्क खाली केला आणि शिंकला!

अर्धी पावडर उडून त्याच्याच झुपकेदार मिशीत. मॅडम किंचाळल्या, "एसी बंद करा! परब, श्वास घेऊ नकोस!"

"किती वेळ, मॅडम?"

आम्ही त्याची मिशी बीकरवर धरून शुद्ध पाण्याने धुतली. ते पाणी गाळून माल पुन्हा शुद्ध केला. पहिला डोस गेला, आणि दोन आठवड्यांनी उंदरांच्या रक्ताने जंतूचं कवच खरंच ओळखलं! आम्ही अक्षरशः नाचलो, मॅडमसुद्धा. इतका आनंद त्या लॅबने कधी बघितला नव्हता.

दुसऱ्या दिवशी परब मिशी सफाचट करून आला. मॅडम त्याच्याकडे बघतच राहिल्या.

"अरे, दुसरा डोस बाकी आहे! अशी लकी मिशी काढण्याआधी विचारायचंस तरी!"