लाल स्प्रिंगा आणि दोन न्योकाबी

नाकुरूच्या बाजारामागे गिथायगाचं गॅरेज कुठं म्हणून विचारा, कुणीही हात करून दाखवेल. गॅरेज कसलं, चार खांबांवर पत्रा आणि खाली तेल पिऊन काळी झालेली माती. पण गाडीचं पुढचं अंग खिळखिळं झालं की सगळं गाव त्याच्याच दारात. चाक धरून दोनदा हलवलं की तो दुखणं सांगतो, आणि त्यावर कुणी वाद घालत नाही. घरात मात्र त्याचं काडीचं चालत नाही.

त्याला कारण आहे. पहिली मुलगी झाली तेव्हा रीतीप्रमाणे तिला त्याच्या आईचं नाव मिळालं, न्योकाबी. आणि जिला आईचं नाव, ती आईच. पोर पाठीवर कापडात बांधलेली होती तेव्हापासून गिथायगा तिला 'आई' म्हणतो. ती रडली की हा जेवण टाकून उठायचा, ती रागावली की हा मान खाली घालायचा. शेजारी त्याला 'न्योकाबीचे बाबा' म्हणतात, म्हणजे स्वतःच्याच आईचा बाप. हा विनोद जुना झालाय, तरी रोज कुणीतरी हसतंच.

धाकटी न्योकाबी आता मोठी झाली. मोलोकडच्या चिखलाच्या रस्त्यांवरून दुधाची पिकअप हाकते, आणि हाकते ती अशी की दुधाचं लोणी व्हावं. पैसे साठवून तिनं एक जुनी सुबारू गाडी घेतली आणि गावाबाहेरच्या मैदानावर रविवारी होणाऱ्या शर्यतीत नाव दिलं. तिची ही पहिलीच शर्यत. त्यासाठी तिनं कडक लाल स्प्रिंगा, नवे शॉकअब्सॉर्बर आणि रबराच्या जागी घालायचे कडक बुश मागवले.

"बाबा, पुढचं सगळं बदला. वळणावर गाडीनं नाक खाली घालता कामा नये."

"तू म्हणशील तसं, आई."

शुक्रवारी त्यानं तिला चहा आणि तळलेले गोड मंदाझी आणायला पिटाळलं आणि काम एकट्यानं उरकलं.

शनिवारी सरावाला सुबारू पहिल्याच वळणावर नाक खाली घालून सरळ निघाली आणि हद्दीला ठेवलेले टायर उडवून थांबली. दुसऱ्या फेरीतही तेच. किप्रोनो नावाचा जुना शर्यतवाला कुंपणावर बसून बघत होता. तो म्हणाला, "गाडी वळवायची असते गं. तिची समजूत काढत बसायचं नसतं."

न्योकाबी तडक गॅरेजात आली. चाकाच्या वरून हात घालून तिनं स्प्रिंग चाचपली आणि बोट बापापुढे धरलं. बोट लाल झालं होतं.

"बाबा, ही स्प्रिंग कुठली?"

"तुझीच."

"माझी स्प्रिंग रंग सोडते?"

गिथायगानं पाना पुसायला घेतला. तो आधीच स्वच्छ होता.

"टॅक्सीची आहे, लाल रंग मी दिला," तो शेवटी म्हणाला. "मऊ. म्हाताऱ्या माणसांना बरी पडते."

"मी म्हातारी?"

"नाही. पण आई आहेस ना."

खरं तर पुढं मऊ स्प्रिंगा घेऊन वेगात जाणं जास्त धोक्याचं, हे तो बाकी सगळ्यांना शिव्या घालून सांगायचा. पण बापाच्या काळजापुढे मेकॅनिकचं डोकं चाललं नव्हतं.

"भीती वाटते मला," तो म्हणाला. "तुला काही झालं तर एका झटक्यात माझी लेकही जाईल आणि आईही."

न्योकाबीचा राग जरा निवला, पण हट्ट नाही. "मग मी उद्या उतरतच नाही. असली गाडी घेऊन हसं करून घ्यायचं नाही मला." आणि ती तोंड फिरवून बसली.

खोक्यावर बसून घेवडा सोलत असलेली थोरली न्योकाबी, म्हणजे गिथायगाची खरी आई, आता मध्ये पडली.

"गिथायगा, तू हिला आई म्हणतोस ना?"

"म्हणतो."

"तुझा बाप गेल्यावर मी बटाट्याच्या ट्रकवर, पोत्यांच्या वर बसून बाजाराला जायची. घाटातून. तू रोज पायाला मिठी मारायचास. मी थांबले का?"

"नाही."

"थांबले असते तर खाल्लं काय असतंस? तेव्हा मिठी मारलीस, आता मऊ स्प्रिंगा घालतोस. अजून तेवढाच आहेस." तिनं एक शेंग सोलली. "आई म्हणतोस तर आईचं ऐक. नाहीतर नाव बदल तिचं."

गिथायगा उठला. पोत्याखाली लपवलेल्या खऱ्या स्प्रिंगा काढल्या, जॅक लावला. या खेपेस न्योकाबीही कोपरापर्यंत काळी होऊन शेजारी बसली. बुश बसवले, चाकांचा कल पुन्हा जुळवला, प्रत्येक नट त्यानं आवळला आणि मग तिनं पुन्हा आवळून पाहिला. एकही ढिला निघाला नाही, याचा त्याला मनापासून आनंद झाला.

रविवारी गाडी सुटायच्या आधी तो खिडकीशी वाकला. 'सावकाश' हा शब्द जिभेवर आला होता. तो गिळून त्यानं काच पुसली आणि मागे झाला.

पहिल्या वळणावर त्यानं डोळे मिटले. आवाजावरूनच कळलं, टायर माती धरून आहेत. डोळे उघडले तर सुबारू नाक समोर ठेवून वळणातून बाहेर पडत होती आणि धुळीत किप्रोनोची टोपी उडाली होती. न्योकाबी तिसरी आली. थोरली मात्र मैदानाच्या कडेच्या दोराशी उभी राहून येईल त्याला सांगत होती, "बघितलंत? मीच चालवत होते."

मैदान रिकामं झाल्यावर म्हातारीनं हट्ट धरला, मला एक फेरी हवी. मिनीबसच्या धक्क्यानं जिचे गुडघे आठवडाभर ठणकतात, तिला गिथायगानं पुढच्या सीटवर बसवलं, पट्टे ओढून पाहिले, पुन्हा ओढून पाहिले. एका गाडीत आता त्याच्या दोन्ही आया बसल्या होत्या, आणि अखेर त्याच्यानं राहवेना.

"आई," तो म्हणाला, "सावकाश जा हं."

दोघींनी एकदमच त्याच्याकडे पाहिलं. मग थोरलीनं काच वर केली, दोन्ही हातांनी पट्टा धरला आणि म्हणाली, "पळव गं, न्योकाबी."